घर जवळ आलं की कॅमेरा जड होतो

बीबी का मकबऱ्यासमोर कॅमेरा काढायला कुणालाच लाज वाटत नाही, तिथं प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतंच, आणि वेरूळला कैलास लेण्यात तर लोक स्वतःहून फ्रेममधून बाजूला सरकतात. लाज सुरू होते शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात, तालुक्याच्या आठवडी बाजारात वाढते, आणि आपल्याच गावात पारापाशी तर बॅगेची चेन उघडायलाही जिवावर येतं. माझं तरी असंय. घर जितकं जवळ तितका कॅमेरा जड.

आपल्याकडं कॅमेरावाला माणूस लग्नातला असतो, पेपरवाला असतो, नाहीतर पंचनाम्याला आलेला. पाऊस होऊन गेल्यावर सोयाबीनच्या रानाकडं कॅमेरा नुसता वळवून बघा, बांधावरून आवाज येतोच, "पीकविम्याचे का साहेब?" हौस म्हणून काढतोय म्हटलं तर विश्वास बसत नाही, "मग याचं मिळतं काय तुम्हाला?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

पण मला वाटतं लोक कॅमेऱ्याकडं एवढं बघत नाहीत, आपल्या चुळबुळीकडं बघतात. डोळ्याला लावला, काढला, मागची स्क्रीन बघितली, डायल फिरवलं, परत लावला, तोवर भाजीवाल्या मावशीनं पदर सारखा केला, शेजारचे दोघं तिघं थांबले आणि आपले कान गरम. म्हणून सेटिंग बसस्टँडवरच लावून निघायचं. माझं दिवसाचं ठरलेलं आहे: मॅन्युअल मोड, शटर १/५०० सेकंद, एफ ८ (लेन्सचं छिद्र केवढं उघडायचं तो आकडा), आयएसओ (सेन्सर प्रकाश किती पकडतो ते) ऑटोवर आणि त्याला ३२०० ची वरची मर्यादा. दुपारच्या कडक उन्हात आयएसओ १०० च्या आसपास राहतो, पालाच्या सावलीत शिरलं की आपोआप चढतो, आपण बोट लावायचं नाही. लेन्स सोबत आलेली साधी १८-५५ मिमीची, ती १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद ठेवायची, फोकस मॅन्युअल करून दोन मीटरवर सोडायचा, एफ ८ ला साधारण एक मीटरपासून लांबपर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं (हे क्रॉप म्हणजे लहान सेन्सरचं गणित आहे, मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवाल्यांनी आपलं बघून घ्यावं). मग कॅमेरा डोळ्याला लागतो तो सेकंदभरच.

झाडामागून झूम लेन्सनं टिपायचं हा लाजेवरचा उपाय मला अजिबात पटत नाही, कारण समोरच्या बाईची नजर एकदा तुमच्याकडं गेली की तुम्ही चोरच. सायलेंट म्हणजे बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरचंही तेच, वर त्यात पळत्या घोड्याचे पाय वाकडे येतात, आणि रात्री एलईडीखाली फोटोवर पट्टे पडतात, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं तिथं शटर १/१०० वर आणलं तर पट्टे बरेच कमी होतात. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावरचं कंपनीचं मोठं पिवळं नाव काळ्या टेपनं झाका. कार्तिए-ब्रेसाँ या मोठ्या फ्रेंच फोटोग्राफरनंसुद्धा आपल्या लायका कॅमेऱ्याचा चकचकीत भाग काळ्या टेपनं झाकला होता, तर आपण कोण.

लाज मोडायची असेल तर माळेगावची यात्रा गाठा. नांदेडच्या लोहा तालुक्यातली, खंडोबाची, मार्गशीर्षात भरते, येळकोट येळकोट जय मल्हार चालू असतं, भंडारा उडत असतो (लेन्सला फिल्टर लावा, पिवळी पूड काचेवर बसली की काही खरं नाही), आणि घोडे, गाढवं, खेचरं एवढी की तुमच्याकडं बघायला कुणाला वेळच नाही. मागच्या यात्रेत एका घोडेवाल्या काकांचा फेटा आणि मिशा बघून मी कॅमेरा उचलला तर ते म्हणाले, "कोण्या पेपरचे?" कोणत्याच नाही म्हटलं. "मग माझा कामून काढलालाव, घोडीचा काढा की." आणि मग त्यांनीच शिकवलं, आडवी उभी पाहिजे, नाकापासून शेपटीपर्यंत, चारी पाय सुटे दिसले पाहिजेत, कान पुढं. कानासाठी त्यांच्या पोरानं माझ्यामागं उभं राहून पिशवी वाजवली. घोडी काळीभोर, सगळी फ्रेम तिनंच भरलेली, आता कॅमेरा अशा वेळी काळ्याला राखाडी करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) थोडं मायनसमध्ये घेतलं तेव्हा कुठं कातडीवरची चमक आली. पांढऱ्या फेट्याला उलटं, प्लसमध्ये जायचं.

फोटो तिथंच वायफायनं मोबाईलवर घेऊन काकांना व्हॉट्सॲप केला, त्यांनी लगेच गिऱ्हाइकाला पुढं पाठवला. तेवढ्यात पलीकडच्या पालातून हाक, "ओ फोटोवाले, आमच्या शिंगराचा पण!" त्या पालात चहा झाला, आणि फेट्याचा फोटो मला नंतर काकांनीच बोलावून काढायला लावला, मिशीला पीळ देऊन.