तुम्ही विचारलंत म्हणून: महागाचे पार्सल वाटेत हरवले तर?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातून मी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवतकाठी साड्या फोनवरून फोटो दाखवून विकते, हे कळले की लोक आधी किंमत विचारतात आणि किंमत ऐकली की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: इतक्या महागाची साडी तुम्ही टपालाने पाठवता, ती वाटेत हरवली तर काय करता? हल्ली हा प्रश्न माझ्यासारख्याच विकणाऱ्या बायाही विचारतात. कोणी पैठणी विकते, कोणी जुन्या चांदीच्या वस्तू, कोणी हाताने केलेली पितळेची भांडी. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सर्वांत आधी सांगायची गोष्ट अशी की पार्सल हरवल्यावर आपल्या हाती किती पैसे येणार, हे पार्सल नोंदवतानाच बहुतांशी ठरलेले असते. स्पीड पोस्टाने पाठवलेली वस्तू हरवली किंवा तिच्यातला माल गेला, तर विमा नसताना मिळणारी भरपाई म्हणजे टपालखर्चाच्या दुप्पट रक्कम किंवा एक हजार रुपये, यांतली जी कमी असेल ती. टपालखर्च शंभर रुपये आला असे धरले तर चौदा हजारांच्या साडीपोटी दोनशे रुपये मिळतील. हे ऐकून अनेकांना टपालखात्याचा राग येतो, पण त्यामागे कायदा आहे आणि तो जुना आहे. 1898 च्या भारतीय डाकघर कायद्याच्या कलम 6 ने हरवणे, चुकीच्या माणसाला मिळणे, उशीर होणे किंवा खराब होणे यांची जबाबदारी सरकारवर ठेवलेली नव्हती. सरकारने स्पष्ट शब्दांत जेवढी स्वीकारली असेल तेवढीच. त्या कायद्याची जागा घेणारा 2023 चा डाकघर कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला आणि त्यातही हेच तत्त्व कायम आहे. सव्वाशे वर्षांत वस्तूंची किंमत बदलली, गावातून थेट मुंबई-बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला माल विकण्याची सोय झाली, पण हा नियम मुळात तसाच राहिला. मला हे न्याय्य वाटत नाही. तरीही जो नियम आहे तो माहीत असूनच काउंटरवर उभे राहिले पाहिजे.

खाजगी कुरिअरचे वेगळे असेल असे समजू नये. 2007 चा रस्ते वाहतूक कायदा कुरिअरवाल्यांनाही लागू आहे आणि त्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार, मालाची जास्त किंमत वेगळी जाहीर केलेली नसेल, तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. शिवाय पावतीच्या मागे बारीक अक्षरांत कंपनीच्या स्वतःच्या अटी असतात. त्या अटींना न्यायालय किती वजन देते हे 1996 च्या भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल (ही कुरिअर कंपनी) या प्रकरणात दिसले. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला पाठवलेली मालाची कागदपत्रे पोहोचली नाहीत, दुसरी प्रत जाईपर्यंत हंगाम संपला आणि पाठवणाऱ्याचे मोठे नुकसान झाले. तरी पावतीवर शंभर डॉलरची मर्यादा छापलेली होती आणि तिच्यावर सही झालेली होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तीच मर्यादा ग्राह्य धरली. सही करण्याआधी पावतीची मागची बाजू वाचा, असे मी सर्वांना सांगते ते यासाठी.

म्हणून मी महागाची साडी विम्याशिवाय पाठवत नाही. स्पीड पोस्टाच्या पार्सलाचा एक लाख रुपयांपर्यंत विमा उतरवता येतो. अडचण अशी की गावातल्या शाखा डाकघरात विम्याची मर्यादा इतकी लहान असते की साडीसाठी तिचा उपयोग नाही. तिथले ग्रामीण डाक सेवक मनाने कितीही चांगले असले, तरी मोठ्या रकमेच्या विम्यासाठी मोहाडी किंवा तुमसर गाठावेच लागते. बसचे भाडे आणि बुडालेली दुपार धरली की खर्च वाढतो. तो खर्च मी साडीच्या किमतीत धरते आणि गिऱ्हाइकाला तसे सांगते. ‘ताई, साधे टपाल केले तर थोडे कमी होतील ना?’ असे कोणी म्हटले तर मी नम्रपणे नाही म्हणते. विम्याचा हप्ता वाचवून जी स्वस्ताई मिळते ती प्रत्यक्षात विणकराच्या मजुरीवर लावलेला जुगार असतो.

हे जरा उलगडून सांगायला हवे. करवतकाठीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी येते, कारण काठाचा आणि अंगाचा धागा प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवला जातो. त्यासाठी तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळ्या, चालवावे लागतात आणि हात भरभर चालत नाही. त्याआधी ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवणारे, तो उकळून सूत काढणारे, असे अनेक हात लागलेले असतात. विणकराला मी साडी उचलतानाच पैसे देते. पार्सल पोहोचले की देईन, असे म्हणणे मला मान्य नाही, कारण वाटेतली जोखीम पत्करण्याचा नफा माझ्याकडे येतो, त्याच्याकडे नाही. तेव्हा साडी हरवली तर ती जोखीम माझीच.

आणि गिऱ्हाइकाचे काय? 1930 च्या मालविक्री कायद्यात असे आहे की माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला म्हणजे प्रथमदर्शनी तो गिऱ्हाइकाला दिला असे धरले जाते. काही विक्रेते याचाच आधार घेऊन, ‘आम्ही पाठवले, आता तुम्ही आणि कुरिअरवाले बघा’ असे सांगून मोकळे होतात. त्याच कलमात पुढे असेही आहे की विक्रेत्याने मालाचे स्वरूप पाहून वाहतूकदाराशी योग्य तो करार करायचा असतो. तो केला नाही आणि माल वाटेत गेला, तर गिऱ्हाईक विक्रेत्यालाच जबाबदार धरू शकते. पण मी कायद्यापाशी थांबत नाही. गिऱ्हाइकाने पैसे मला दिलेले असतात, वाहतूकदार मी निवडलेला असतो, पावती माझ्या हातात असते आणि दावा करण्याचा हक्कही मलाच असतो. त्याने कोणाचे दार ठोठवायचे? म्हणून मी दोन हिशेब वेगळे ठेवते. गिऱ्हाइकाचा हिशेब माझ्याशी आणि माझा हिशेब वाहतूकदाराशी. माझा दावा मंजूर होईपर्यंत गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणे मला चुकीचे वाटते. शोध संपला आणि पार्सल हरवले हे निश्चित झाले की मी पैसे परत करते किंवा त्याची इच्छा असेल तर दुसरी साडी विणायला घालते.

शोध मात्र मनापासून करावा लागतो, कारण हरवले असे वाटणारे पुष्कळसे पार्सल हरवलेले नसते. शहरातल्या सोसायटीत ते सुरक्षारक्षकाच्या खोलीत पडलेले असते, शेजारच्यांनी घेऊन कपाटात ठेवलेले असते, किंवा पिनकोडाचा एक आकडा चुकल्यामुळे दुसऱ्याच डाकघरात फिरत असते. ट्रॅकिंगवर ‘वितरित’ असे दिसत असेल आणि गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणत असेल, तर मी दोघांपैकी कोणावरही खोटेपणाचा संशय न घेता वाटपाचा पुरावा मागते: सही कोणाची, वेळ कोणती, ओटीपी घेतला होता का. गिऱ्हाइकालाही मी त्याच दिवशी त्याच्या डाकघरात जाऊन पोस्टमनला प्रत्यक्ष विचारायला सांगते. त्या भागात वाटप करणारा पोस्टमन कालचे पार्सल कोणाच्या हातात दिले ते सांगू शकतो, महिन्यापूर्वीचे नाही. तक्रार लेखी द्यावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. खाजगी वाहतूकदाराच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे, कारण 2007 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस दिलेली नसेल तर पुढे दावाच लावता येत नाही. ‘बघतो, शोधतो, पुढच्या सोमवारी सांगतो’ अशा गोड फोनांत हे दिवस निघून जातात. माझी पुण्याला पाठवलेली एक साडी अशीच एका कुरिअरकडून गहाळ झाली, तेव्हा फोनवरची माणसे शेवटपर्यंत सौजन्याने बोलत होती. दावा मात्र मंजूर झाला तो लेखी अर्ज, नोंदणीच्या वेळी जाहीर केलेली किंमत आणि विणकराच्या सहीची पावती, या तीन कागदांवर.

ही तिसरी पावती आमच्या भागात सहसा कोणी करत नाही. व्यवहार विश्वासाचा आणि रोखीचा असतो, सही मागितली तर विणकर काकाजींना अवघडल्यासारखे होते. पण विमा उतरवलेली रक्कम म्हणजे मिळणारी भरपाई नव्हे. प्रत्यक्ष नुकसान जेवढे, तेवढीच भरपाई मिळते आणि ते नुकसान कागदावर सिद्ध करावे लागते. चौदा हजारांची साडी चौदा हजारांची कशावरून, हा प्रश्न हातमागाच्या मालाला हमखास येतो, कारण तिच्यावर कारखान्याचा छापील भाव नसतो. म्हणून साडीचा फोटो, विणकराची पावती, गिऱ्हाइकाला दिलेले बिल आणि त्याने पैसे पाठवल्याची नोंद हे सगळे मी पार्सल बांधायच्या आधीच एकत्र ठेवते.

बांधणीबद्दल थोडेच सांगते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर जाड कापड शिवावे. काउंटरवर झालेले वजन पावतीवर ग्रॅममध्ये नीट उमटले आहे ना ते पाहावे. पार्सल फोडून माल काढला गेला असेल तर वजनातला फरक हाच मोठा पुरावा ठरतो. पाकीट फाटलेले दिसले तर गिऱ्हाइकाने ते घरी न फोडता डाकघरात पोस्टमास्तरांसमोर उघडून मागावे. आणि आत, साडीच्या घडीवर, दोन्ही पत्ते लिहिलेला कागद ठेवावा. पावसाळ्यात वरचा पत्ता पुसला जातो किंवा चिकटवलेला कागद निघून येतो. अशी बेवारस पार्सले टपालखात्याच्या रिटर्न्ड लेटर ऑफिसात उघडली जातात आणि आत पत्ता सापडला तर ती परत येऊ शकतात. दागिने पाठवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की टपालात त्यांचा विमा सक्तीचा आहे आणि अनेक कुरिअर कंपन्यांच्या अटींत दागिने आणि रोकड मुळात बसतच नाहीत. ‘कपडे’ असे लिहून बांगडी पाठवली तर दाव्याच्या वेळी काहीही हाती लागत नाही.

एक प्रश्न क्वचितच कोणी विचारते, पण तो येतो: सगळे हिशेब मिटल्यावर पार्सल सापडले तर? भरपाई आणि साडी अशा दोन्ही गोष्टी ठेवता येत नाहीत. साडी हवी असेल तर घेतलेली रक्कम परत करावी लागते. अशा वेळी मी आधी गिऱ्हाइकाला विचारते, कारण ती साडी त्याने निवडलेली असते. त्याला हवी असेल तर तो मला पुन्हा पैसे देतो, मी भरपाई परत करते आणि साडी त्याच्याकडे जाते. त्याने दरम्यान दुसरी घेतली असेल तर ती मी विक्रीत पुन्हा ठेवते, पण कोऱ्या मालाच्या भावाने नाही. घडीवर पडलेल्या रेषा आणि ओल लागली असल्यास तिचे डाग नव्या गिऱ्हाइकाला फोटोत दाखवते आणि त्याप्रमाणे किंमत कमी करते.