डावी नांगी परत येतेय: दुसऱ्या कातीनंतरची नोंद

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या भातशेतातला एक थोटा खेकडा आम्ही टाकीत पाळलाय. डावी नांगी बुडापासून नव्हती. परवा त्यानं दुसरी कात, म्हणजे अंगावरचं जुनं कवच, टाकली आणि नांगी आता उजवीच्या निम्मी झाली.

नांगी तुटते म्हणण्यापेक्षा तोच ती सोडतो. बुडाशी ठरलेली जागा असते, तिथून सुटते आणि आतला पडदा रक्त अडवतो. पुढं थोटकावर मऊ कोंब येतो. नवी नांगी त्यात घडी घालून बसलेली, उलगडते ती कात पडल्यावरच. पहिल्या कातीला निघाली ती करंगळीच्या नखाएवढी, फिकट, जरा अर्धपारदर्शक. तेवढ्यावरही बेटा ती उगारायचा!

यावेळी आधी खाणं सुटलं, मग जांभ्याच्या कपारीत दडी. रात्री लाल उजेडात बघितलं तर पाठीचं कवच मागच्या कडेला फाकलेलं आणि हा मागं सरकत बाहेर येतोय. पाय एकेक करून जुन्या खोळीतून ओढले. सगळ्यात वेळ खाल्ला उजव्या नांगीनं, कारण फुगीर पंजा अरुंद सांध्यातून काढायचा. डोळ्यांवरचं आवरण, कल्ल्यांचं, जठराचं अस्तरसुद्धा त्या कातीबरोबर जातं. सकाळी शेजारच्या काकूंना टाकीत दोन खेकडे दिसले, एक खरा आणि एक रिकामी कात. "आजून रस्सा केला न्हाईस व्हय रे?" हे नेहमीचंच.

ती कात काढून टाकू नका. तोच ती कुरतडून खातो, कवच टणक व्हायला लागणारं कॅल्शियम त्यातून मिळतं. अंग मऊ आहे तोवर हात लावायचा नाही, दुसरा खेकडा तर शेजारी नकोच. माशांचं तांबेयुक्त औषध टाकीत कधीच नको. माशाला चालतं ते खेकड्या-कोळंबीला मारतं.

खानापूरकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानातून रंगीत खेकडा आणू का, असं दोघांनी विचारलंय. नका आणू. सह्याद्रीतले झाडांच्या ढोलीत आणि जांभ्याच्या भोकांत राहणारे असे काही खेकडे 'घाटियाना' या वेगळ्या प्रजातीत (genus) गेले तेच मुळी 2014 साली, म्हणजे त्यांची ओळखच अजून नवी, आणि खानापूरकडचं भीमगड तर अभयारण्यच आहे. तिकडं कॅमेरा न्या.

सध्या गाजराचा तुकडा उजवीनं तोडतो, डावीनं नुसता धरतो. मोजमाप पुढच्या कातीनंतर, त्याच्या अंगावर नाही, टाकलेल्या कवचावर घेईन.