मधल्या पायाची चीर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंगचा धंदा करताना बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुटके जिन्नस रोजच हाताखालून जातात. ऑइल इंजिनाचे हेड, पंपाचे केसिंग, चरकाची फुटलेली बाजू, लेथचे एखादे ब्रॅकेट असे काही ना काही दाराशी येऊन पडलेलेच असते. हे ओतकामाचे गाव आहे. भाग अगदीच कामातून गेला असेल तर शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कोणी ना कोणी साचा करून नवा ओतून देतो, आणि पुष्कळदा मीच गिऱ्हाइकाला तसे सांगून मोकळा होतो. त्या मंगळवारी सकाळी एक निवृत्त सर गोणपाटात गुंडाळून जो भाग घेऊन आले, त्याबाबतही मी प्रथम तेच सांगितले.

तो त्यांच्या 1962 सालच्या ॲम्बेसेडरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड होता, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढच्या नळीत सोडणारा बिडाचा भाग. त्या 1489 सीसीच्या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर हेडमधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतो, म्हणून सिलिंडर चार असले तरी मॅनिफोल्डला पाय तीनच असतात, आणि मधल्या पायाला दोघांची आग एकट्याने सोसावी लागते. चीर तिथेच होती. उत्तरपाड्याचा कारखाना 2014 साली बंद पडला असला तरी या गाडीचे सुटे भाग भंगारबाजारात अजून मिळतात, हे मी त्यांना सांगितले. सरांनी शांतपणे पिशवीतून दुसरा मॅनिफोल्ड काढून टेबलावर ठेवला. तोही मधल्याच पायात तडकलेला होता. तिसरा घरी आहे, पण त्याची फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी सपाट कड, गंजाने खाल्ली आहे, असे ते म्हणाले.

"मेस्त्री, कुठलाही बसवून चालणार असतं, तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

यावर मला बोलायला जागा राहिली नाही आणि मी काम ठेवून घेतले.

पहिल्या मॅनिफोल्डच्या चिरेवर आधीच कोणीतरी वेल्डिंग केलेले होते. वरून ते छान दिसत होते, मण्यांची ओळ एकसारखी होती. मी तिच्यावर ग्राइंडर टेकवला आणि ठिणग्यांकडे पाहिले. बिडाची ठिणगी आखूड, लालसर असते आणि चाकापाशीच विझते. इथे मात्र पांढरट, लांब, टोकाला फुटणाऱ्या ठिणग्या उडत होत्या. म्हणजे साध्या लोखंडाच्या रॉडने बीड जोडले होते. बाजूच्या बिडावर कानस चालवून पाहिली, तर ती काचेवरून फिरावी तशी घसरली. बिडात साधारण तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. तो भाग वितळून झपाट्याने थंड झाला की कार्बनला ग्रॅफाइट होऊन वेगळे बसायला सवड मिळत नाही, तो लोखंडाशी संयोग पावून काचेसारखा कठीण, पांढरा थर तयार करतो. मग इंजिन तापले, निवले, पुन्हा तापले, की त्या थराच्या कडेने नवी चीर निघते. त्या कारागिराला मी नावे ठेवणार नाही, कारण बिडासाठी लागणारा निकेलचा रॉड महाग असतो आणि त्याची किंमत द्यायला गिऱ्हाईक क्वचितच तयार होते.

जुने वेल्डिंग पांढऱ्या थरासकट घासून काढण्यात दुपार गेली. नंतर चिरेत मुरून तिची वाट दाखवणारी लाल डाय मारली, पुसली, पांढरा डेव्हलपर फवारला आणि थांबलो. पाच मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. डोळ्याला चीर दीड इंच दिसत होती, पण डाय तिला फ्लँजच्या खालून वळवून स्टडच्या भोकाच्या दिशेने घेऊन गेली होती, एकूण जवळजवळ तीन इंच. टोकाचे नट कोणीतरी जीव खाऊन आवळले असावेत असे मला त्या वळणावरून वाटले. मॅनिफोल्ड तापला की लांब होतो आणि त्याला सरकायला थोडी जागा लागते. ती मिळाली नाही की तो वाट मिळेल तिथून फुटतो.

चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीची भोके पाडून तिची वाट बंद केली, मधे व्ही आकाराची खाच घेतली आणि टॉर्चने तो भाग भाजला. साठ वर्षांचे तेल आणि काजळी ग्रॅफाइटमध्ये मुरलेली असते. तिचा निळसर धूर बराच वेळ निघत राहतो, आणि तो संपल्याशिवाय रॉड लावला तर मण्यात टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात.

आता माझी चूक सांगतो. फ्लँजचा सपाटपणा बिघडू नये म्हणून भाग न तापवता थंड पद्धतीने काम करायचे मी ठरवले. या पद्धतीत एका वेळी जेमतेम इंचभर मणी घालायचा, तो गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोकून आकसण्याचा ताण मोडायचा, आणि हात टेकवता येईल इतके निवल्याशिवाय पुढचा मणी घालायचा नाही. पहिले दोन मणी मी नियमाने घातले. तोवर साडेपाच झाले होते, सर बाकावर बसून होते, आणि शेजारच्या कारखान्यातला मुलगा त्याच्या गेटचे काम कधी होणार म्हणून दोनदा डोकावून गेला होता. तिसरा मणी मी दोन इंचांचा घातला. हातोडी खाली ठेवली आणि पंखा लावला. मिनिटभरात आवाज आला: टिंग.

बिडाचे काम करणाऱ्याला तो आवाज कशाचा हे कोणी सांगावे लागत नाही. तांब्यावर नखाने टिचकी मारावी तेवढाच तो असतो. सरांनी विचारले, "काय पडलं का?" मी म्हटले, "नाही सर, फुटलं." मण्याला लागूनच, नव्या निकेलच्या कडेने, केसाइतकी रेघ बिडात गेली होती. निकेल मऊ असते, ते ताणले जाऊ शकते. बाजूचे बीड ताणले जात नाही. मी त्यांना उद्या संध्याकाळी या असे सांगितले आणि ते काही न बोलता निघून गेले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

बुधवारी सगळे पुन्हा घासले आणि गरम पद्धत धरली. 20 मिमीच्या लोखंडी पट्टीवर मॅनिफोल्डचे तिन्ही पाय बसवून नट फक्त हाताने फिरतील इतकेच लावले. आदल्या दिवशी ज्याला मी नावे ठेवत होतो, तेच आवळणे माझ्या हातून व्हायला नको होते. अर्ध्या कापलेल्या ड्रमात कोळसा पेटवून सगळा भाग हळूहळू 300 अंशांच्या वर नेला, तापमानाच्या खडूची रेघ वितळली तेव्हा बाहेर काढला. खाचेच्या दोन्ही कडांना शुद्ध निकेलच्या 2.5 मिमी रॉडने सुमारे 70 अँपिअरवर आधी एक पातळ लेप दिला आणि मधली खाच 55 टक्के निकेल असलेल्या निकेल-लोखंडी रॉडने भरली, कारण त्याचे प्रसरण बिडाच्या जवळ जाते. या वेळीही मणी इंचाचेच ठेवले आणि प्रत्येक मणी ठोकला. मधे दोनदा भाग निवतोय असे वाटले तेव्हा पुन्हा भट्टीवर ठेवला.

शेवटचा मणी झाल्यावर भाग पट्टीसकट दुसऱ्या ड्रमात ठेवून वरून भाताच्या तुसाची कोरडी राख गळ्यापर्यंत भरली. माझ्या हाताखालच्या पोराला बजावले, "याला कोणी हात लावायचा नाही." सरांना मीच फोन करून आज नको म्हणून कळवले. रात्री जेवताना मी टीव्ही बंद करायला लावला, जणू काही घरापासून दोन किलोमीटरवरची ती टिंग मला ऐकू येणार होती. गुरुवारी सकाळी राखेत बोट घातले तर ती अजून कोमट होती. मी ड्रम तसाच ठेवून गेटचे काम हातात घेतले. दुपारी चारला भाग काढला.

डायने रेघ दाखवली नाही. तरी वडिलांच्या वेळची जुनी परीक्षाही केली: बाहेरून खडू फासला, आत डिझेल ओतले आणि अर्धा तास ठेवले. खडू कोरडा राहिला. फ्लँज मात्र थोड्या हलल्या होत्या. सरफेस प्लेटवर ठेवल्यावर मधल्या पायाखालून फट मोजायची 0.3 मिमीची फीलर पट्टी आरामात जात होती. शेजारच्या मिलिंगवाल्याकडे तिन्ही तोंडे एका पातळीत घेतली. कटर जोडावरून जाताना मी कान देऊन उभा होतो. बिडावर होता तोच आवाज जोडावरही राहिला. जोडाच्या कडेला कुठे पांढरा, कठीण थर उरला असता तर कटर तिथे किंचाळला असता.

शुक्रवारी सकाळी सरांच्या घरी त्यांच्या फिटरने नवे गॅस्केट घालून मॅनिफोल्ड बसवला. नट मधून बाहेर अशा क्रमाने लावायला मी सांगितले आणि पाना मी स्वतः हातात घेऊन पाहिला. गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे इंजिन पूर्ण थंड होते. मॅनिफोल्डची गळती अशा वेळीच सर्वांत मोठ्याने वाजते, कारण तापल्यावर चीर दाबून बसते आणि आवाज लपतो. इंजिन सुरू झाल्यावर मी वर्तमानपत्राची पट्टी फाडून जोडाजवळ धरली. ती हलली नाही. तिन्ही तोंडांजवळ धरली, तिथेही नाही.

सर बॉनेटपाशी मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "मेस्त्री, आता एक वेगळीच टिकटिक ऐकू येतेय."

मी ऐकले. "ते व्हॉल्व्हचे टॅपेट आहेत, सर. इतके दिवस त्या फटफटीत ऐकू येत नव्हते." फिटर आधीच फीलर गेज काढायला गेला होता.