वेगळी चूल मांडली ते बरंच झालं

सीझन संपला की आमच्या इथे अमेरिकेत, हार्टफर्डच्या आसपास एक चर्चा हमखास सुरू होते, की यूकॉनच्या, म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटच्या फुटबॉलने आता तरी कुठलीतरी कॉन्फरन्स धरावी, असं किती दिवस एकटं राहणार. 2025 च्या सीझनला तर कोचही गेला. जिम मोरा लागोपाठ दोन वर्षं 9-9 मॅच जिंकून देऊन कोलोराडो स्टेटला निघून गेला, म्हणजे ज्यांना कॉन्फरन्स आहे त्यांच्याकडे, त्यामुळे लोकांना आयताच मुद्दा मिळाला. मला मात्र मनापासून वाटतं की 2020 ला आपली कॉन्फरन्स सोडून बाहेर पडलो ते बरोबर केलं, आणि आता घाईघाईने कुणाच्याही दारात जाऊन उभं राहू नये.

फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन. इकडे कॉलेजं गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणायचं, आणि टीव्हीचे पैसे, मॅचचं वेळापत्रक, ट्रॉफी, सगळं त्या गटातून येतं. एकत्र कुटुंबासारखंच आहे, त्यामुळे फायदा काय आणि जाच काय हे आपल्याला वेगळं समजवायला नको. 2025 च्या सीझनला सगळ्यात वरच्या पातळीवर असे एकटे खेळणारे दोनच उरले होते, नोटर डेम आणि आमचं यूकॉन. आर्मी, म्हणजे लष्करी अकादमीची टीम, 2024 ला अमेरिकन नावाच्या कॉन्फरन्समध्ये गेली, यूमास, म्हणजे शेजारच्या मॅसॅच्युसेट्सची युनिव्हर्सिटी, 2025 ला मॅक नावाच्या कॉन्फरन्समध्ये परत गेलं.

आता नोटर डेमची गोष्टच वेगळी, त्यांच्या घरच्या मॅच 1991 पासून एनबीसी हे टीव्ही चॅनेल दाखवतंय, देशभर त्यांचे चाहते आहेत, त्यांना कुणाची गरज नाही. बीवाययूचंही तसंच, ती मॉर्मन चर्चची युनिव्हर्सिटी, 2011 ला बाहेर पडले, ईएसपीएन या टीव्ही चॅनेलचं काँट्रॅक्ट हातात होतं, पाठीशी अख्खा मॉर्मन समाज होता, बारा सीझन एकट्याने काढले आणि 2023 ला सरळ बिग 12 या मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेले. यूकॉनकडे यातलं काही नव्हतं. पण मग बाहेर का पडलो? तर बास्केटबॉलसाठी. हे जे विसरतात ना, त्यांचा सगळा हिशोबच चुकतो.

यूकॉन हे मुळात बास्केटबॉलचं घर. आमची जुनी कॉन्फरन्स बिग ईस्ट, प्रॉव्हिडन्स वगैरे कॉलेजं होती ती, फुटली, फुटबॉलवाले फुटबॉलवाले इकडेतिकडे गेले, आणि आम्ही अमेरिकन कॉन्फरन्समध्ये येऊन पडलो. पहिल्याच वर्षी, 2014 ला, पुरुषांनी चॅम्पियनशिप जिंकली हे खरं, पण पुढे हळूहळू रया गेली, लागोपाठ तीन सीझन जिंकलेल्या मॅचपेक्षा हरलेल्या जास्त. मॅच कुणाशी, तर टल्सा, तुलेन, ईस्ट कॅरोलायना. टेलगेटला, म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये गाडीपाशी जमून खाणंपिणं चालतं त्याला, आमच्या शेजारी गाडी लावणारे एक आजोबा आहेत, आमचं फुटबॉलचं स्टेडियम रेन्टश्लर फील्ड 2003 ला उघडलं तेव्हापासूनचं त्यांचं तिकीट, ते एकदा घडीची खुर्ची उघडता उघडता मला म्हणाले, अरे प्रॉव्हिडन्सशी हरलो तर मला आठवडाभर झोप येत नाही, तुलेन माझं कोण लागतं? मला ते इतकं पटलं. भांडायला सुद्धा भाऊबंद लागतात, परक्याशी काय भांडणार.

आणि फुटबॉलचं तरी त्या कॉन्फरन्समध्ये काय भलं चाललं होतं? 2018 ला 1-11, म्हणजे एक जिंकली, अकरा हरल्या. मॅचमागे सरासरी 50 च्या वर पॉइंट खाल्ले, या पातळीवर इतकी वाईट सरासरी आधी कुणाचीच नव्हती. मी त्या वर्षी लेकाला घेऊन जायचो, तो तेव्हा सहावीत, तिसऱ्या क्वार्टरला आमच्या रांगेत आम्ही दोघं आणि थर्मासमधला चहा, बाकी निळ्या खुर्च्याच खुर्च्या. स्टेडियमही कॅम्पसवर नाही ना, पोरांना स्टॉर्सच्या कॅम्पसहून बसने पंचवीसेक मैल यावं लागतं, हरणाऱ्या टीमसाठी कोण येतंय. खेळांच्या खात्यात एका वर्षात 4 कोटी डॉलरच्या वर तूट, ती युनिव्हर्सिटी भरणार, म्हणजे शेवटी फी आणि टॅक्स भरणारे आम्हीच.

म्हणून 2019 च्या जूनमध्ये ठरलं, 1 कोटी 70 लाख डॉलर दंड भरायचा आणि मागे राहिलेल्या बास्केटबॉलवाल्यांच्या नव्या बिग ईस्टमध्ये परत जायचं. तिथे फुटबॉल नाहीच, त्यामुळे फुटबॉलने आपली चूल वेगळी मांडायची. तेव्हा सगळे म्हणाले की फुटबॉल मेलं. खरंच वाटलं तसं, 2020 चा सीझन कोविडमुळे झालाच नाही, 2021 ला पुन्हा 1-11. पण बास्केटबॉलचं बघा, 2023 आणि 2024 ला पुरुष चॅम्पियन, 2025 ला मुली. आणि फुटबॉल? 2022 ला बॉस्टन कॉलेजला इतिहासात पहिल्यांदा हरवलं, 13-3. 2024 ला सीझनअखेरच्या फेनवे बोल मॅचमध्ये नॉर्थ कॅरोलायनाला 27-14. आणि 2025 ला इथे ईस्ट हार्टफर्डला ड्यूक आलं होतं, 37-34 ने जिंकलो, त्याच ड्यूकने महिन्याभरात एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सची चॅम्पियनशिप घेतली. त्या वर्षी रेग्युलर सीझनमध्ये, म्हणजे बोलच्या आधी, हरलो त्या तीनच मॅच, तिन्ही ओव्हरटाइममध्ये. ड्यूकच्या मॅचनंतर ते आजोबा पार्किंगमधल्या गवतात उभे राहून नुसतं रिकाम्या होणाऱ्या स्टेडियमकडे बघत होते, माझ्या बायकोने दिलेलं थालीपीठ हातात तसंच.

एकटं राहण्याचे हाल मला दिसत नाहीत असं नाही. नोव्हेंबरमध्ये सगळे आपापल्या घरात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, खेळत असतात तेव्हा उरलेल्यांना फोन करत फिरावं लागतं. पैशासाठी मोठ्यांच्या अंगणात मार खायला जावं लागतं, मिशिगनला 59-0, टेनेसीला 59-3, ते बघताना पोरांची कीव येते, पंचविशीच्या आतली मुलं ती. देशाचा चॅम्पियन ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये कॉन्फरन्स जिंकणाऱ्या पाच जणांना थेट जागा, आपल्याला ती वाट बंदच. कोच टिकत नाही ते आत्ता बघितलंच.

पण मॅकमध्ये किंवा अजून कुठे जाऊन हे सुटेल का? यूमासकडे बघा ना, आमच्यापासून तास-सव्वा तासावर. 2015 नंतर मॅक सोडलं, एकट्याने खेळताना एका सीझनला चारच्या वर मॅच कधी जिंकल्या नाहीत, शेवटी कंटाळून परत गेले आणि परतल्याच्या पहिल्या वर्षी 0-12. म्हणजे घर मिळालं म्हणून टीम सुधारत नाही, टीम कोच आणि पोरांमुळे सुधारते. आणि फुटबॉलसाठी बास्केटबॉलला परत तिकडे ओढून न्यायचं म्हणजे तर हातचं सोडणं झालं. बिग 12 ने 2024 ला बोलणी केली आणि थांबवली, ते पुन्हा आले किंवा एसीसीने विचारलं, सगळे खेळ एकत्र घेऊन, तर जरूर जावं, तेव्हा मी पहिला टाळी वाजवेन. तोपर्यंत नाही.

मला मागायचंच असेल तर एवढंच मागतो, की बॉस्टन कॉलेज, सिरॅक्यूज आणि यूमास, या तिघांपैकी दोघं तरी दर वर्षी आमच्याकडे यावेत. 2024 ला थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला आम्ही यूमासला गेलो होतो, 47-42 झाली ती मॅच, येताना गाडीत लेकाचा आवाज पूर्ण बसलेला. आता यूमास मॅकमध्ये म्हटल्यावर त्यांची नोव्हेंबरची तारीख मिळणं अवघड आहे, मग सप्टेंबरची घ्या, थंडी नसेल तर नसू दे, पण ती मॅच सोडू नका.