ईकोत झोपून मेळघाट ते लोणार: 26 हजारांचं कपाट आणि 1,800 रुपयांची बाज

आधीच सांगतो, वाघ दिसला का, चिखलदऱ्याला कोणता पॉइंट भारी, असलं काही यात नाही. वाघ दिसला नाही. गाडीत मागं झोपायची आणि सामानाची सोय करून फिरायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो, कारण व्हिडिओ पाहून मला जे शंभर टक्के पटलं होतं ते घटांगच्या पुढं तासाभरात मोडलं आणि पैसे माझे गेले. घाटात गाडी चालवता येते, स्टेपनी बदलता येते, पाना-स्क्रू ड्रायव्हर हातात धरता येतो असं गृहीत धरलंय.

गाडी मारुती ईको, पाच सीटवाली, पेट्रोल. आम्ही दोघंच, मी आणि सौ. डिसेंबरचा पहिला आठवडा, सहा रात्री. आर्वी, तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा, घटांग, सेमाडोह, परत घटांगला येऊन चिखलदरा, मग खाली परतवाडा, अंजनगाव सुर्जी, अकोट, शेगाव, खामगाव, मेहकर, लोणार आणि समृद्धीनं घरी.

कपाटाची कथा आधी. व्हिडिओत असते तशी मागं प्लायची पेटी, डिक्की उघडली की समोर दोन मोठे ड्रॉवर, वर फळ्या, फळ्यांवर गादी. दिसायला एक नंबर. 18 एमएमचे तीन शीट आणले, 8 बाय 4 चे. दुकानदार म्हणे मरीन आहे भाऊ, पाण्यात बुडवून ठेवा, काही होत नाही, 130 रुपये फूट. म्हणजे एक शीट 4,160 आणि तीनचे 12,480. ड्रॉवर सरकायचे टेलिस्कोपिक चॅनल वगैरे 3,200, सुतारानं कापायचे आणि जोडायचे 5,000, फोम आणि कव्हर 5,500. टोटल 26 हजाराच्या वर. गाडीत बसवायचं काम घरीच अंगणात केलं, चार दिवस.

त्यात पहिली चूक उंचीची. पेटी केली 16 इंच, वर 4 इंच गादी, आणि बसून पाहिलं तर डोकं टपाला. मी 5 फूट 8 इंच. माप घेताना रिकाम्या गाडीत टेप लावू नका, गादी टाकून त्यावर मांडी घालून बसा आणि मग पेटीची उंची ठरवा. मी सगळं उलगडून पेटी 11 इंचांवर आणली, त्यात दोन दिवस आणि सुताराच्या शिव्या. झोपायला तरी तिरपंच व्हावं लागते, ते मान्य करूनच चला.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. कापसाचा सीझन, पुढं सहा-सात ट्रॅक्टर लाइनीत, आणि मधात माझी ईको. काट्यावरच्या पोरानं आत डोकावून पाहिलं, "काहो भाऊ, कापूस कुठी हाय?" मी म्हटलं गादी आहे, तिच्यात आहे. रिकामी गाडी आधी मोजून ठेवली होती, फरक आला 240 किलो, आम्ही दोघं सोडून. त्यात नुसतं लाकूडच नव्वदच्या पुढं. आरसीवर गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असते त्याच्या आत होतो, म्हणून खुश होऊन घरी आलो. पण काटा हे सांगत नाही की त्यातलं बहुतेक वजन मागच्या चाकाच्याही मागं लटकून राहिलं. हे मला घटांगला समजलं.

परतवाड्यापर्यंत काही प्रॉब्लेम नाही, त्यावर लिहायची गरज नाही. घाट लागला की मात्र. रस्ता अरुंद, कडेचं डांबर खाल्लेलं, समोरून एसटी आली की डावं चाक खाली उतरवावं लागते आणि परत वर चढवताना मागून असा आवाज येते की कोणी आतून लाथा मारून राहिलं. आधी वाटलं सायलेन्सर. थांबून खाली वाकून पाहिलं, सायलेन्सर ठीक. पुढच्या वळणावर परत. चढावर स्टेअरिंग हलकं हलकं वाटत होतं, कारण मागं ओझं आणि नाक वर. घटांग ते सेमाडोह मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच काढलं, वर एकदा ब्रेकचा वास आला म्हणून मोकळी जागा पाहून वीस मिनिटं उभा राहिलो. जंगलात मन मानेल तिथं थांबू नका, हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, देशातले पहिले प्रकल्प 1973-74 मध्ये झाले त्यातला हा एक. गाडीत झोपायची सोय केली म्हणून जंगलात रस्त्याच्या कडेला लावून झोपायचं तर विसराच. सेमाडोहला आम्ही खोलीच घेतली.

तिथं पोचून डिक्की उघडली आणि डावा ड्रॉवर सरळ माझ्या नडगीवर. पूर्ण भरलेला. नंतर विचार केल्यावर कळलं, ड्रॉवर मागच्या बाजूला उघडणारे, म्हणजे अख्खा चढ चढताना ते डिक्कीच्या दारावर टेकून, धक्का बसला की दारावर ठोकत होते. सॉफ्ट क्लोजवालं चॅनल घरच्या किचनसाठी असते, बाप्पा, त्याच्या गोळ्या बाहेर येऊन फरशीवर सांडल्या होत्या. उजव्या ड्रॉवरमध्ये तिखटाचा डबा उघडला, पाण्याची कॅन चिरली, आणि खाली तिखटाचं पाणी, वर डाळ, मधात माझे सॉक्स. आम्ही दोघंही शिंकून शिंकून बेजार. सौ. म्हणाली, "तुमचं व्हिडिओतलं कपाट तुमच्याच पायावर आलं नं." नडगी अजून दुखते.

सकाळी पाहतो तर त्या 'मरीन' प्लायच्या कडा पोळीसारख्या फुगलेल्या. एका रात्रीत. नखानं थर निघत होता. सरळ सांगतो, मला साधा कमर्शियल प्लाय मरीनच्या भावात विकला. घेताना शीटवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा छाप पाहा, आणि छापावरही भरवसा ठेवू नका, विकत घ्यायच्या आधी हातभर तुकडा मागा, घरी आणून कुकरच्या भांड्यात चार-पाच तास उकळा. खरा असंल तर थर सुटत नाहीत. तुकडा देत नसंल तर त्या दुकानातून उठून या.

चिखलदरा मस्त आहे, कॉफी मिळते, थंडी कडक. एका लॉजच्या अंगणात गाडी लावून झोपायचे आधी 800 सांगितले, "कॅम्पिंग चार्ज" म्हणे. माझी गाडी, माझी गादी, त्याचा फक्त एक नळ. घासाघीस करून 300 वर आणला, संडास वापरायला धरून. यापेक्षा जास्त देऊ नका, आणि ठरवताना संडास धरून का ते आधीच विचारा. रात्री काचा पूर्ण बंद करून झोपलो आणि पहाटे चारला टपावरून थेंब थेंब तोंडावर. श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमते. दोन समोरासमोरच्या काचा बोटभर उघड्या ठेवा, बाहेरून मच्छरदाणीचा तुकडा वेल्क्रोनं चिकटवा, टपाला आतून फॉइलचा फोम लावा, थेंब जवळजवळ बंद होतात. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा गॅस आत पेटवून झोपू नका, निखारे विझल्यासारखे दिसले तरी कार्बन मोनॉक्साईड निघते आणि त्याला वास नसते. दोन जाड ब्लँकेटं घ्या.

खाली उतरताना ड्रॉवर उलट बाजूनं, म्हणजे आमच्या सीटच्या दिशेनं रेटत होते. सुतळीनं बांधले होते तरी.

अकोटला माझी सासुरवाडी. पोचलो तेव्हा मी थकलेला, चिडलेला, गाडीला तिखटाचा वास. मामाजींनी डिक्की उघडून शांतपणे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "जावाईबापू, घरचं कपाट कायले गाडीत घेऊन फिरून राह्यले? बाज टाका नं एक. खाली सामान, वर झोपा." मला आधी राग आला. मग चहा घेतला. मग कळलं की मी चार महिने व्हिडिओ पाहून जे काढू शकलो नाही ते या माणसानं डिक्कीजवळ उभं राहून काढलं.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगच्या दुकानात 1 इंची चौकोनी पाईपची चौकट करून घेतली, 13 इंच उंच, सहा पाय, मधे एक आडवा पाईप. पाईप आणि वेल्डिंगचे 1,150. बाजारातून नायलॉनची नवार अडीच किलो, 450. विणायला शेजारचे एक म्हातारे काकाजी आले, मी नवार ओढून धरायची आणि त्यांनी विणायची. दर दोन पट्ट्यांनंतर ते अंगठ्यानं दाबून पाहायचे, आवाज ऐकायचे, पटलं नाही तर उलगडायचे. दीड तासात झाली. त्यांनी 100 मागितले, मी 200 दिले. एकूण 1,800. वजन सगळं मिळून माझ्या एका प्लाय शीटपेक्षा कमी, एकटा उचलतो.

बाजेचे फायदे पहिल्याच रात्री समजले. खालून हवा खेळते म्हणून गादी ओलसर होत नाही. धक्के नवार खाते, गादी 4 इंची लागतच नाही, 2 इंची बस होते, म्हणजे डोक्याला जागा. तोटा एकच, मधे झोळ पडते. म्हणून खाली ठेवायचं सामान आणि नवार यात दीड-दोन इंच सोडा, नाहीतर रात्रभर पाठीला डबा टोचते, आणि चार दिवसांनी पायाकडची पट्टी ओढून ताणून घ्या.

खाली ड्रॉवर नाही, संत्र्याचे प्लास्टिक क्रेट. आमच्या भागात कुठंही मिळतात, जुने तर पन्नास-साठ रुपयाला. घेण्याआधी उंची मोजा, माझे साडेअकरा इंची निघाले, तरी मधल्या झोळाखालचे क्रेट काठोकाठ भरू नका. जाळीचे असतात म्हणून काय सांडलं ते लगेच दिसते. जड क्रेट म्हणजे पाणी, डाळ-तांदूळ, हत्यारं, ही पुढच्या सीटच्या मागं, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधात. डिक्कीकडं फक्त कपडे आणि ब्लँकेटं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्याच्या अगदी मागं टेकून टोमॅटो, तूप, औषधं ठेवू नका, मी ठेवले, टोमॅटोची चटणी तयार. क्रेट बांधायला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. दोरी ढिली पडते, ट्यूब पडत नाही. चौकट काढलेल्या मागच्या सीटच्या मूळ बोल्टच्या भोकांवरच बसवली, नायलॉनवाले लॉक नट आणि खाली रबराचा वॉशर. गाडीला नवीन भोक पाडू नका, बॉडीला वेल्डिंग तर नाहीच, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मूळ रचना बदलायला मनाई आहे, आणि आरसीवर पाच सीट असताना मागं कायमचा पलंग दिसला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागंल. माझी बाज वीस मिनिटांत निघते, सीट परत बसते.

विजेचं थोडक्यात. आधी घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी टाकायची ठरवली होती, उचलायला दोघं लागले, पन्नास किलोच्या वर, शिवाय ॲसिड आणि गॅस, झोपायच्या जागेत नकोच. मग 100 एएचची (अँपिअर-अवर) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, बारा किलोच्या आसपास. हिवाळ्यात दिवे आणि मोबाईल एवढंच, सहा रात्रीत अर्धीही संपली नाही, म्हणजे मी जास्त खर्च केला. उन्हाळ्यात पंखा रात्रभर चालवायचा असंल तरच ही घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज लावा आणि वायर जाड घ्या, माझी बारीक होती, पंखा लावून पाहिला तर म्हाताऱ्यासारखा फिरत होता.

शेगावला दर्शन झालं, कचोरी खाल्ली. लोणारला दोन रात्री, बेसाल्टमधलं विवर, या काठापासून त्या काठापर्यंत पावणेदोन-एक किलोमीटर रुंद, 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते हेच, आम्हाला हिरवंच दिसलं. झोप छान लागली. समृद्धीवर गाडीत काहीच वाजत नव्हतं, सौ. मागं बाजेवर पडायचं म्हणत होती, मी पडू दिलं नाही, चालत्या गाडीत बेल्ट लावून सीटवरच. 120 ची परवानगी आहे म्हणून भरलेली ईको 120 नं पळवू नका, मी ऐंशीनं आणली, निघताना टायरची हवा मोजून.

कपाट अकोटलाच सोडलं. मामाजींनी ते गोठ्यात भिंतीला लावलं, एका ड्रॉवरमध्ये सरकीची ढेप आणि दुसऱ्यात दावं, विळे. परवा फोनवर सांगत होते, चॅनल नवीन टाकलं आणि ड्रॉवर एकदम लोण्यासारखे चालतात म्हणे, "गोठा हालत नाही नं जावाईबापू."