बिघाड कोणता?

वस्तू परत करायच्या फॉर्मवर रकाना होता, ‘बिघाड कोणता?’ खाली चार पर्याय: वस्तू तुटली, भाग कमी आला, चालू होत नाही, चुकीची वस्तू आली. माझी व्यायामाची सायकल तुटलेली नव्हती, सगळे भाग होते, चालूही होत होती. फक्त ती मला वापरता येत नव्हती, आणि त्यासाठी पर्याय नव्हता.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, नजर हळूहळू नेणारा डोळ्यांचा आजार. कॉलेजात असताना संध्याकाळनंतर ठेचकाळायला लागले, चाळिशीपर्यंत उजेड-अंधार एवढंच उरलं. दादाचा हात धरून बडोद्याच्या कमाटीबागेत रोज फेऱ्या व्हायच्या. त्याची बदली सुरतेला झाली आणि फेऱ्या थांबल्या. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आठवड्याला १५० मिनिटं घाम येईल असं काहीतरी करा, घरात करा, पण करा.

आधी माळ्यावरची आजोबांची मुद्गलांची जोडी काढली. आजोबा इथल्या व्यायामगुरू माणिकरावांच्या आखाड्यातले, दांडिया बाजारातलं घर, तेव्हा जोडी असायचीच. पण जोडी फिरवायला चौफेर मोकळी जागा लागते. पहिल्याच दिवशी मी ट्यूबलाइट फोडली. मला तिची गरज नव्हती, सासूबाईंना होती.

मग दुकान. ट्रेडमिल मी हात लावूनच नाकारली. ती वापरणारे अंध लोक आहेत, सेफ्टी कीची क्लिप कपड्याला लावतात (की निघाली की पट्टा थांबतो), एक हात दांडीवर ठेवतात. मला मात्र पायाखालचा पट्टा सरकत असताना त्याची कड कुठे आहे ते कळेना. सायकल बरी, ती आपल्याला घेऊन कुठे जात नाही. दुकानात मांडलेल्या सायकलीला दांड्यावर गोल नॉब होता, एक ते आठ, प्रत्येक टप्प्याला टक् असा खटका. मला तेवढंच हवं होतं. विक्रेता सगळं मुलीशी बोलत होता, “मम्मीला जमेल ना?” मम्मी समोरच बसली होती, पेडल मारत.

घरी जी आली तिला नॉब नव्हता. गुळगुळीत काच. दुकानात फोन केला तर म्हणे, “बेन, आ तो नवुं छे, टच! एपमां बधुं बोले छे.” ॲप उघडलं. पडदा वाचून दाखवणारा फोनमधला टॉकबॅक बिचारा वाचत सुटला: अनलेबल्ड बटन, अनलेबल्ड बटन, अनलेबल्ड बटन. काचेवर अधिकला टुक् आणि उण्यालाही तोच टुक्. दोन मिनिटं थांबलं की काच झोपायची आणि पुन्हा पहिल्या पातळीवरून सुरुवात.

आता परतीची कथा, जी अजून डोक्यातून जात नाही. फॉर्म फक्त वेबसाइटवर. शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र, ऐकण्याची सोय नाही. मुलीची परीक्षा, म्हणून शेजारच्या मुलीला बोलावलं. तिने ‘चुकीची वस्तू आली’वर खूण केली. तिसऱ्या दिवशी उत्तर: स्टिकरवरचा मॉडेल नंबर जुळतो, विनंती नामंजूर. नंबर तोच, सायकल वेगळी! दुसऱ्यांदा ‘चालू होत नाही’ लिहिलं. त्यांनी फोटो मागितले. फोटो पाठवल्यावर फोन आला.

“मॅडम, पीस तो एकदम ओके दिख रहा है.”

“आपको दिख रहा है, मुझे नहीं.”

पलीकडे जरा शांतता. मग, “घर में कोई और होगा ना, वो सेट कर देंगे.” रोज सकाळी सहा वाजता मला पातळी लावून द्यायला कोण उठणार? आणि का उठावं? फोन ठेवल्यावर मी चिडून बिनकाचेची, आजोबांची जोडी फिरवली, या वेळी गॅलरीत.

बाराव्या दिवशी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४३ फोनवर वाचूनही दाखवलं. सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने चालना द्यावी, असं ते म्हणतं. पण ते सरकारला सांगतं, दुकानदाराला नाही, हे मला वाचता वाचताच कळलं. कामी आलं ते वेगळंच. खरेदीआधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, “नॉबवालीच ना?” आणि विक्रेत्याने लिहिलं होतं, “हा जी, ८ लेवल नॉब.” तो निरोप पाठवल्यावर दोन दिवसांत माणूस सायकल उचलायला आला. एकूण १९ दिवस. म्हणून तोंडी काही मान्य करू नका. नॉब, खटका, बटण हे शब्द लिहून घ्या.

दुसरी सायकल स्वस्तातली घेतली, दोन हजारांनी कमी. या वेळी जी तपासली तीच पेटी बंद करून घेतली. नॉबच्या एकवर आणि पाचवर एम-सीलचा ठिपका लावला आहे. पडद्यावरचे आकडे मी बघतच नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतका दम लागला की वेग ठीक, एवढा हिशेब पुरतो. वेळ फोन सांगतो.

डंबेल्स घेताना बिडाचे, सहा कोनांचे घ्या. ते गडगडत नाहीत आणि वजनाचा आकडा उठावाचा असला तर बोटाला लागतो. काही रबरी डंबेल्सवर तो नुसता रंगवलेला असतो. हो, आणि रबरी पट्ट्या! त्यांचा जोर रंगावरून ओळखायचा असतो. आमच्याकडे हलक्या पट्टीच्या मुठीला सुतळीची एक गाठ, मधल्याला दोन. पट्टीला गाठ मारू नका, तिथेच तुटते. चटईच्या मधोमध खालून दोरी चिकटवली आहे. पाय सरकले की तळव्याला कळतं.

परतीचे पैसे आले, पण पिकअपचे ९०० कापून. कशाबद्दल म्हणून विचारलं तर पुन्हा तोच फॉर्म भरायला सांगितलाय. शेजारची मुलगी रविवारी येते म्हणाली आहे.