पातं कुठून फिरवलंस?

आत्या हनुवटीवरच्या खाजेला बीटामेथासोन या स्टिरॉइडचं मलम चोळते. तेही भरपूर, "म्हणजे आत जाईल" म्हणून. तेच मलम आत किती जातं हे बघण्यात माझं वर्ष गेलंय.

प्रयोग डुकराच्या कानावर. कान देवनारच्या कत्तलखान्यातून येतात आणि दर वेळी फोनवर माझी एकच टेप: "भाऊ, गरम पाण्यात घालायच्या आधीचे पाहिजेत." कढत पाण्यात बुडवले की कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर बिघडतो. जेमतेम 10-20 मायक्रॉनचा, पण औषधाला खरा तोच अडवतो.

कातडीला मलम लावायचं, काही तासांनी पुसायचं, तिचा ठोकळा गोठवायचा, क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या ठोकळ्याचे पातळ काप काढणारं यंत्र) 12 मायक्रॉनचे काप काढायचे. मग मालडीच्या, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्राच्या, लेसरने ठिपका ठिपका तपासत नकाशा. मलमातलं औषध, बीटामेथासोन व्हॅलरेट, 477 या वजनावर दिसतं. त्वचेतल्या एस्टरेज नावाच्या विकरांनी व्हॅलरेटची शेपटी तोडली की उरलेलं बीटामेथासोन 393 वर. कुठे पोचलं आणि तिथे त्याचं काय झालं, दोन्ही एकाच कापात.

पहिल्या नकाशात औषध थेट खालच्या थरापर्यंत! मी लगेच ग्रुपवर टाकला. सरांचं उत्तर एका ओळीचं: "पातं कुठून फिरवलंस?"

वरून. मलमाच्या बाजूने. पावाला लोणी फासावं तसं पात्यानेच औषध खाली ओढलं होतं. तीन आठवड्यांचे काप बाद. ठोकळा उलटा लावला, खालून वर कापलं, तर औषध वरच्या कडेला एक झळझळीत रेघ आणि खाली नुसती धूसर छटा. आता प्रत्येक ठोकळ्याच्या डबीवर बाण काढते.

आत्याला हे सगळं नाही सांगितलं. तिला 1967 चा प्रयोग सांगितला. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी माणसांच्या अंगावर ठिकठिकाणी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड लावून मोजलं होतं. कोपराखालच्या हातावरून जेमतेम 1 टक्का आत गेलं, जबड्याच्या कोपऱ्यावरून त्याच्या 13 पट. "तू लावतेस ते तर याहून जहाल आहे, आणि लावतेस कुठे, तर तोंडाला. डॉक्टरांना दाखवलंस का?"

आत्या जरा गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, मग हातावरच्या चट्ट्याला तेरापट लावायला हवं होतं की!"